शुगरमुळे पाय बधिर होतात ते नेमके कसे, हे शोधायचं तर प्रयोग कसा आखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई नाशिकला फिजिओलॉजीत एमडी करतायत, थीसिसचा विषय आहे मधुमेहात संवेदनेच्या नसांचं काम कसं बिघडतं. गाईडनी सांगितलंय की ५० शुगरवाले घ्या, ५० नॉर्मल घ्या, सगळ्यांचं एनसीव्ही (नसेतून सिग्नल किती वेगाने जातो आणि किती मोठा येतो ते मोजणारी टेस्ट) करा आणि तुलना करा. त्या विचारतायत की एवढं पुरेल का, अजून कोणत्या टेस्ट घालू, आणि त्वचेची बायॉप्सी इथे जमणार नाही तर अभ्यासाला काही अर्थ उरतो का.

मी नाशिकमध्येच २२ वर्षं एनसीव्ही आणि ईएमजी (स्नायूंची तशीच टेस्ट) करतोय, रोजचे निम्मे पेशंट तरी पायाच्या मुंग्यांचेच असतात, त्यामुळे या विषयावर जरा मोकळेपणाने लिहितो.

५० विरुद्ध ५० केलंत तर उत्तर काय येणार हे आत्ताच सांगता येतं. शुगरवाल्यांच्या नसा हळू चालतात आणि सिग्नल लहान येतो. हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. तुमच्या विषयात "कसं" हा शब्द आहे ना, त्याचं उत्तर त्यातून येत नाही, कारण दोन गटांची तुलना फक्त एवढंच सांगते की बिघाड आहे. बिघाड कुठे सुरू झाला, कोणत्या तंतूत सुरू झाला, हे कळायचं असेल तर तुलना एकाच माणसाच्या आत करावी लागते, त्याचा पाय त्याच्याच मांडीशी आणि हाताशी, त्याची गरम-गारची जाणीव त्याच्याच कंपनाच्या जाणिवेशी. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, बाकीचं त्याचा तपशील समजा.

आधी बधिर म्हणजे काय ते बघा. पेशंट बधिर म्हणतो तेव्हा त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. एकजण म्हणतो पायाखाली कापूस आहे असं वाटतं, एकजण म्हणतो चप्पल कधी पायातून निघून गेली कळलंच नाही, एकीला रात्री तळपायाची इतकी आग होते की ती फरशीवर पाय टेकवून झोपते, आणि एकाला विस्तवाचा चटका बसून फोड आला तरी समजलं नाही. पहिल्या दोघांचे जाड तंतू गेलेत, स्पर्श आणि कंपनाचे, ज्यांच्यावर मायलिनचं जाड आवरण असतं आणि जे सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने निरोप नेतात. शेवटच्या दोघांचे बारीक तंतू बिघडलेत. गार आणि टोचण्याची जाणीव नेणाऱ्या तंतूंवर पातळ आवरण असतं, आणि ऊब व जळजळ नेणाऱ्या सी तंतूंवर आवरणच नसतं, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायाला ठेच लागली की आधी टचकन कळ येते आणि क्षणभराने जळजळ सुरू होते ना, तो फरक या वेगांचाच आहे. आता मुद्दा असा की एनसीव्हीचं मशीन फक्त जाड, वेगवान तंतू पकडतं. बारीक तंतूंचा सिग्नल इतका बारीक आणि विखुरलेला असतो की कातडीवरच्या इलेक्ट्रोडला तो दिसतच नाही. म्हणजे रात्रभर तळपाय जळणाऱ्या बाईचं एनसीव्ही नॉर्मल येऊ शकतं आणि तिला घरी "रिपोर्ट तर चांगला आहे, उगाच करतेस" असं ऐकावं लागतं. मी हे डोळ्यांसमोर कित्येकदा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. तुमचा अभ्यास नुसत्या एनसीव्हीवर उभा राहिला तर त्यातही असे पेशंट नॉर्मलच्या खात्यात पडतील.

आता बिघाड कुठे हा प्रश्न. मी पेशंटना ठिबक सिंचनाचं उदाहरण देतो, दिंडोरी-निफाडकडच्या माणसाला ते पटकन समजतं. शेवटच्या ड्रीपरला पाणी येत नाहीये. पंपात दम नाही म्हणून? लॅटरल (ओळीतली बारीक नळी) मधे चेपलीय म्हणून? का ड्रीपरच्या तोंडाशी क्षार साचलेत म्हणून? तिन्हीत बांधावरून दिसतं तेच, टोकाची झाडं सुकतात. पायाच्या संवेदनेच्या नसेचंही तसंच आहे. पेशीचं मुख्य शरीर मणक्याशेजारच्या गाठीत, आणि तिथून निघालेला धागा जवळजवळ मीटरभर लांब, पार अंगठ्यापर्यंत. टोकाला लागणारा बराचसा माल त्या पेशीत तयार होऊन धाग्यातून वाहून न्यावा लागतो, सगळ्यात वेगवान वाहतूक दिवसाला जास्तीत जास्त ४० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे अंगठ्यापर्यंत अडीच दिवस, आणि सावकाश जाणाऱ्या मालाला तर महिनोन् महिने लागतात. म्हणून सगळ्यात लांब नस आधी मरते, मोज्यासारखा बधिरपणा वर चढत जातो आणि तो गुडघ्याच्या जवळ आला की मग हाताची बोटं सुरू होतात.

पण "लांब नस आधी" हे दिसणं झालं, कारण नाही. कारण ओळखायला प्रत्येक शक्यतेचं भाकीत आधी कागदावर मांडा. टोकं आधी मरत असतील तर घोट्यावरची ऊब-गारची जाणीव जाईल पण सुरल नसेचा (पोटरीमागून पावलाच्या बाहेरच्या कडेला जाणारी संवेदनेची नस) सिग्नल अजून चांगला असेल, आणि मांडी पूर्ण ठीक असेल. मणक्याशेजारची पेशीच आजारी असेल तर लांबीचा क्रम पाळला जाणार नाही, हात, पोट, चेहरा यांतही लवकर फरक दिसेल (सिस्प्लॅटिनसारख्या कॅन्सरच्या औषधाने त्या पेशींवरच घाव बसतो). आवरण बिघडत असेल तर वेग पडेल आणि सिग्नलची उंची बऱ्यापैकी टिकेल, आतला धागाच मरत असेल तर उलटं, उंची पडेल आणि वेग बराच काळ साथ देईल. आणि नुसतं वाढलेल्या साखरेमुळे नसेच्या भिंतीतले पंप-चॅनल (क्षारांची ये-जा करणारी दारं) मंदावले असतील तर साखर आटोक्यात आल्यावर काही दिवसांत, आठवड्यांत सुधारणा दिसायला हवी, मेलेला धागा इतक्या लवकर परत येत नाही. ही भाकितं आधी लिहून गाईडची सही घ्या आणि मगच पहिला पेशंट तपासा, नाहीतर आकडे आल्यावर आपण सगळेच आपल्याला आवडणारी गोष्ट त्यात शोधतो.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, तर प्रत्येक माणसाच्या किमान तीन जागा, पावलाचा वरचा भाग, मांडी, हात, आणि प्रत्येक जागी तीन जाणिवा, कंपन, गार, ऊब. नऊ आकडे झाले. त्यावर दोन्ही पायांची सुरल आणि एका हाताची एक संवेदी नस एनसीव्हीवर. या नऊ घरांचा नकाशा कसा काळा पडत जातो त्यावरून यंत्रणा कळते. तळव्यावर गरम-गार मोजू नका, आपल्याकडे शेतात अनवाणी चालणाऱ्यांची टाच इतकी जाड असते की तुम्ही नस न मोजता कातडीची जाडी मोजाल.

आता तापमान, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण नाशिकमध्ये हा अभ्यास बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. जानेवारीत निफाडचा पारा पार पाच-सहा अंशांवर येतो, बागायतदार द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात इतकी थंडी. अशाच एका सकाळी तिकडचे एक काका मोटारसायकलवर, पायात नुसत्या चपला, माझ्याकडे आले. सुरल लावली, वेग ३४ मीटर, सिग्नल ९ मायक्रोव्होल्ट. वेग कमी आणि उंची चांगली, वर सांगितलं तसं बघितलं तर चक्क आवरणाचा आजार. रिपोर्ट टाइप करणार होतो, सहज पायाला हात लावला तर बर्फ. थर्मामीटर लावला, २५ अंश. पाय कोमट पाण्यात ठेवले, मग ब्लँकेट गुंडाळलं, अर्ध्या तासाने पाय ३२ वर आले. पुन्हा केलं तर वेग ४३ आणि उंची ६. म्हणजे निदान पार उलटं झालं, आवरण ठीक आणि धागे मात्र कमी व्हायला लागलेले. थंडी वेग पाडते, एका अंशाला साधारण दीड ते अडीच मीटर, आणि त्याच वेळी सिग्नलची उंची वाढवते, कारण थंडीत चॅनल जास्त वेळ उघडे राहतात. तुमचे शुगरवाले हिवाळ्यात आणि नॉर्मल उन्हाळ्यात तपासले गेले तर तुमच्या थीसिसचा निष्कर्ष हवामान ठरवेल. पायाचं तापमान ३२ च्या खाली असेल तर टेस्ट करायची नाही, गणिताने दुरुस्ती करत बसायचं नाही, पाय गरम करायचा, आणि तो आकडा प्रत्येक फॉर्मवर लिहायचा.

दुसरी फसवणूक पेशंटच्या चांगुलपणातून होते. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (कातडीवर टेकवायचा नायलॉनचा धागा) किंवा कंपनासाठी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून "लागतंय का?" विचारलं की आपल्याकडची माणसं "हो" म्हणतात, डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं. एका आजींना मी दहा वेळा विचारलं, त्यातल्या चार वेळा मी पायाला हातच लावला नव्हता, आजी दहाही वेळा "हो बाबा, लागलं" म्हणाल्या. म्हणून प्रश्न बदला. "पहिल्यांदा लागलं की दुसऱ्यांदा?" असं विचारा, डोळे मिटायला सांगा, आणि मधेमधे रिकामे प्रयत्न टाका. रिकाम्या प्रयत्नांना वारंवार हो म्हणणाऱ्याचे आकडे वेगळे ठेवायचे हेही आधीच ठरवून लिहा. मोनोफिलामेंटलाही विश्रांती लागते, एका दिवसात दहाएक पेशंटनंतर तो मऊ पडतो, दोन-तीन घेऊन आलटून पालटून वापरा. आणि तपासणारा वेगळा, शुगरचे रिपोर्ट बघणारा वेगळा. तपासणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला हे कळता कामा नये, पेशंटलाही आधी सांगून ठेवा की टेस्ट होईपर्यंत शुगरबद्दल बोलू नका.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नॉर्मल लोक, कुठून आणणार? बहुतेक थीसिसमध्ये कंट्रोल म्हणजे हॉस्पिटलचा स्टाफ आणि ज्युनियर मुलं. पंचविशीतला पाच फूट दोन इंचाचा इंटर्न आणि पंचावन्नचे सहा फुटी शेतकरी यांची तुलना करून काही मिळत नाही, वय आणि उंची दोन्हींनी नस हळू होते. पेशंटचा भाऊ नाहीतर शेजारचा शेतकरी आणा, तोच गाव, तेच काम, तीच फवारणी. फवारणीचं मुद्दाम लिहितोय, काही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी नसा जाऊ शकतात, तो इतिहास विचारल्याशिवाय द्राक्षपट्ट्यातला माणूस कोणत्याच गटात घालू नका. द्राक्षवाल्याला कंट्रोल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही हा आपल्याकडचा फायदा आहे, नवीन औषध आलं की तो एक ओळ सोडून मारतो आणि दोन्ही ओळींची पानं बघतो. आणि भावाचंही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) करा, ५.७ च्या खाली असेल तरच तो नॉर्मल. आपल्याकडे माहीत नसलेली शुगर किती निघते ते बघून तुम्हाला धक्का बसेल.

बी-१२ सगळ्यांचं करा, यात तडजोड नको. शुगरच्या मेटफॉर्मिन या गोळीने बी-१२ कमी होतं, त्यात शाकाहार, त्यामुळे कंपनाची जाणीव गेलेला शुगरवाला प्रत्यक्षात बी-१२ चा पेशंट असू शकतो. थायरॉइड, दारू हे तर विचारालच. आणि प्रत्येकाच्या कोपरामागची अल्नर नस बोटाने चाचपा. पेठ-सुरगाण्याकडून आलेला असो की शहरातला, नस जाड लागली किंवा बधिरपणा एकाच बाजूला, एखाद्या चट्ट्यात असला तर आधी कुष्ठरोगाचा विचार करा. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात, आणि तो जंतू थेट नसेच्या आवरणाच्या पेशीत राहतो. तुमच्या अभ्यासात तो चुकून आला तर आकडे बिघडतील हे सोडा, त्या माणसाचे उपचार राहून जातील.

एकदाच तपासून सोडू नका. एकदाच घेतलेल्या फोटोत आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. एमडीच्या वेळेत एक वर्षाच्या अंतराने दोन मोजण्या बसवता येतात, पण सुरुवातीलाच, पहिल्या सहा महिन्यांत सगळे पेशंट भरले तर. शुगर नुकतीच सापडलेल्या माणसांना उपचाराआधी आणि दोन महिन्यांनी तपासलंत तर मंदावलेली नस आणि मेलेली नस यांतला फरक हाती लागायची शक्यता आहे, मला स्वतःला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. इथे एक सावधगिरी, साखर खूप झपाट्याने खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन अंकांपेक्षा जास्त उतरलं, तर काहींना उलट भयंकर आग सुरू होते. तसं झालं तर घाबरून पेशंट गाळू नका, त्याच्या उपचारांची सोय करा, नोंद करा, तोही यंत्रणेबद्दलच काहीतरी सांगतोय.

आणि साखर हेच सगळं आहे असंही धरू नका. १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात टाइप-१ च्या १४४१ जणांत साखर कडक सांभाळल्यावर न्यूरोपॅथी (नसांचा बिघाड) साधारण ६० टक्क्यांनी कमी झाली, पण टाइप-२ मध्ये तसा फायदा फारच थोडा दिसतो. तुमचे बहुतेक पेशंट टाइप-२ चे असणार, म्हणून ट्रायग्लिसराइड, पोटाचा घेर, बीपी हे सगळं मोजून ठेवा.

बिनखर्चाचा एक सुंदर प्रयोग सांगतो. दंडावर बीपीचा पट्टा सिस्टॉलिकच्या (बीपीच्या वरच्या आकड्याच्या) वर फुगवून रक्त थांबवलं की हळूहळू बोटांची कंपनाची जाणीव कमी होत जाते. आपल्याला वाटेल की मधुमेहींची नस आधीच कमजोर, तिची जाणीव लवकर जाईल. होतं उलटं, त्यांची जाणीव जास्त वेळ टिकते, हे १९५९ पासून माहीत आहे. ती नस कमी ऑक्सिजनवर जगायला सरावलेली असते आणि तिच्याकडे बिनऑक्सिजनचं इंधन म्हणून साखर भरपूर असते. आता हा टिकाव नव्या पेशंटमध्ये उपचारानंतर किती बदलतो ते बघा. रक्तपुरवठ्याची बाजू तुम्हाला एका घड्याळात आणि एका पट्ट्यात मोजता येते. हे हातावरच करा, पायावर नको, आणि जखम किंवा नाडी न लागणारा माणूस यात घेऊ नका. एथिक्स कमिटीला हे सगळं आधी लिहून द्यायचं, आणि संमतीपत्र पेशंट घरी वाचून दाखवू शकेल अशा मराठीत हवं.

उंदरांबद्दल थोडंसं, कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन उंदरांना मधुमेह करतात, पण ते औषध स्वतःच विषारी आहे. म्हणून असा एक गट लागतो ज्याला औषध दिलं आणि इन्सुलिनने साखर नॉर्मल ठेवली. त्या गटातही नस बिघडली तर दोष साखरेचा नाही, औषधाचा. आणि उंदरात जमलेलं माणसात जमेलच असं नाही, साखरेचं सॉर्बिटॉल करणारं एन्झाइम अडवणारी औषधं प्राण्यांत छान चालली आणि माणसांच्या ट्रायलमध्ये त्यातली बहुतेक मागे पडली, एपालरेस्टॅट तेवढं जपान आणि आपल्याकडे वापरात राहिलं.

संख्या. ५० हा आकडा कुठून आला ते गाईडना विचारा. तुमच्या हाताची चूक किती हे आधी मोजायला लागतं, दहा माणसं आठवड्याच्या अंतराने दोनदा तपासा. मग सोपं गणित, माणसामाणसांतला फरक (म्हणजे प्रमाण विचलन) भागिले तुम्हाला पकडायचा फरक, त्याचा वर्ग, गुणिले १६. सुरलच्या उंचीचं प्रमाण विचलन समजा ४ मायक्रोव्होल्ट आहे आणि २ चा फरक पकडायचाय, तर २ चा वर्ग ४, गुणिले १६, म्हणजे एका गटात ६४. ५० मध्ये तो निसटू शकतो. त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना केली तर मात्र यापेक्षा बरेच कमी लोक पुरतात, म्हणूनही मी सुरुवातीपासून तेच म्हणतोय.

राहिला बायॉप्सीचा प्रश्न. घोट्याच्या दहा सेंटीमीटर वर तीन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यातली नसांची टोकं मोजतात, बारीक तंतूंसाठी ती उत्तम टेस्ट आहे यात वाद नाही. पण ती फक्त टोकं किती आहेत हे सांगते, ती चालतात का हे ऊब आणि गारची जाणीवच सांगते. मिरचीतल्या कॅप्सायसिनची पट्टी मांडीवर लावून टोकं मुद्दाम घालवायची आणि ती किती दिवसांत परत उगवतात ते बघायचं, असाही प्रयोग झालेला आहे, त्यात अजून न्यूरोपॅथी नसलेल्या मधुमेहींचीही टोकं हळू उगवली. म्हणजे मरणं वाढलंय एवढंच नाही, दुरुस्तीही मंदावलीय. बायॉप्सीशिवाय हे सगळं तुम्हाला जमणार नाही हे खरं, पण नऊ घरांचा नकाशा, दोन वेळा, ३२ अंशांवरचे पाय आणि नीट निवडलेले भाऊ, एवढ्यावरही टोक आधी की धागा आधी या प्रश्नाला हात घालता येतो. सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) आरोग्य विद्यापीठाला द्यायच्या आधी ती दहा माणसांची दोनदा तपासणी करून घ्या, आणि तेव्हाचे आकडे घेऊन गाईडकडे जा, ५० चा आकडा बदलायला ते तयार होतील असं मला वाटतं.